लेकीला खगोलशास्त्र करायचंय, मग संसाराचं काय?

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका आईचं पत्र आलंय. मुलगी अकरावी सायन्सला. सुट्टीत तिनं खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांचं आत्मचरित्र 'चार नगरांतले माझे विश्व' वाचलं आणि खगोलशास्त्राचा हट्ट धरला. वडिलांचं म्हणणं, इंजिनिअरिंग कर. आईची काळजी वेगळीच: "असल्या कामात पोरीचा संसार होतो का?"

ताई, ते पुस्तक तुम्हीही वाचा. लेखकाचा जन्म कोल्हापूरचाच, १९३८ चा. बनारसच्या त्यांच्या घरात एक फळा होता. शिकायला येऊन राहिलेला मोरूमामा त्यावर भाच्यासाठी गणित लिहून ठेवायचा. भाच्यानं ते सोडवेपर्यंत किंवा हार मानेपर्यंत ते तिथंच असायचं. लेकीला पारखायचं तर असं पारखा. आकाशगंगेचे फोटो सगळ्यांनाच आवडतात हो. न सुटलेलं गणित तीन दिवस डोक्यात घेऊन ती फिरते का, ते बघा. या कामात दुर्बिणीपेक्षा गणित आणि कॉम्प्युटरच जास्त असतो.

वाट अशी: बारावीनंतर आयएटी ही प्रवेश परीक्षा, नंबर लागला तर आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थेत पाच वर्षांचं बीएस-एमएस. नाहीतर इथंच फिजिक्समध्ये बीएस्सी, शिवाजी विद्यापीठातून एमएस्सी, मग पीएचडीला जाण्यासाठी जेस्ट किंवा नेट ही परीक्षा. पुढं पीएचडीची पाच-सहा वर्षं. म्हणजे अठ्ठाविशी उलटते. पण नेटमधून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर सुरुवातीलाच महिना ३७ हजार हातात येतात. वडिलांना हे आधी सांगा.

आता संसार. नारळीकरांच्या पत्नी मंगला नारळीकर स्वतः गणितज्ञ. लग्न १९६६ ला. तीन मुली, घरदार, सगळं सांभाळत त्यांची पीएचडी झाली १९८१ ला. संसार झाला आणि गणितही झालं, पण मधली पंधरा वर्षं कुणाच्या वाट्याला आली ते बघा. मला तरी हा आकडा बोचतो. तुमचा प्रश्न लेकीला आत्ता विचारू नका. पुढं स्थळ आलं की त्या मुलाला विचारा, घरातलं तू काय काय करणार?

आणि एक करा. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही मोठी रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना. विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीला, लोकांना ती बघता येते. आदल्या रात्रीची पुण्याची गाडी धरा. वडिलांनाही न्या. त्या अँटेना चालवायला इंजिनिअरच लागतात, हे त्यांना तिथल्याच कुणाकडून ऐकू दे.