श्रमविभाजन की श्रमविभागणी? आणि अंगक म्हणजे अवयवच का?

प्रश्न असा आला आहे: पेशींविषयीच्या मजकुरात कुठे ‘श्रमविभाजन’ दिसतं, कुठे ‘श्रमविभागणी’. बरोबर कोणतं? आणि ‘पेशीअंगका’ला, म्हणजे पेशीतल्या ठरावीक काम करणाऱ्या भागाला, सरळ ‘अवयव’ का म्हणत नाहीत?

व्याकरणाने दोन्ही शब्द ठीक. जीवशास्त्रात मात्र मी ‘श्रमविभागणी’च लिहीन, कारण शेजारी ‘पेशीविभाजन’ ठाण मांडून बसलेलं असतं. घराचं विभाजन झालं की चुली दोन होतात. कामांची विभागणी झाली तर चूल एकच राहते.

ॲनाबीना या नीलहरित शैवालाचं उदाहरण घ्या. पेशींची नुसती माळ. हवेतला नायट्रोजन बांधणारं, म्हणजे वापरता येईल अशा रूपात आणणारं, त्याचं विकर (एन्झाइम) ऑक्सिजनने निकामी होतं, आणि प्रकाशसंश्लेषणात तर ऑक्सिजनच सुटतो! एका पेशीत दोन्ही कामं एकाच वेळी जमेनात. मग नायट्रोजनची टंचाई पडली की माळेत ठरावीक अंतराने एखादी पेशी जाड भिंतीची ‘हेटरोसिस्ट’ बनते. ती ऑक्सिजन सोडणं थांबवते, नायट्रोजन बांधून शेजारणींना पुरवते, आणि शेजारणी तिला साखर देतात. या हेटरोसिस्टचं पुढे विभाजन होत नाही. आता लिहून बघा: ‘श्रमविभाजनात पेशीचं विभाजन थांबतं.’ वाचणारा अडखळणारच.

मुळात ही संज्ञा अर्थशास्त्रातली. सजीवांच्या शरीराला ती लावली फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ आन्री मिल्न-एडवर्ड्स यांनी, 1827 मध्ये.

आता अंगक. यातला ‘क’ छोटेपणा दाखवणारा. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ कार्ल म्योबियस यांनी 1884 मध्ये ‘अवयव’ या अर्थाच्या शब्दाचं असंच छोटेपणा दाखवणारं रूप सुचवलं होतं, आणि कारणही दिलं होतं: एकपेशीय जीवाचे हे भाग एकाच पेशीचे असतात, बहुपेशीय प्राण्यांचे अवयव अनेक पेशींचे. मराठीत पेशींची ऊती आणि ऊतींचा अवयव, अशी चढण आहे. पॅरामीशियम या एकपेशीय जीवाची संकोची रिक्तिका (आकुंचन पावणारी पिशवी) जादा पाणी बाहेर फेकते, म्हणजे आपल्या मूत्रपिंडाच्या कामातला एक वाटा उचलते. पण तिच्यात ऊती कुठली? ती अंगकच. तंतुकणिका, हरितलवक, गॉल्गी संकुल हीसुद्धा अंगकंच. संदर्भ स्पष्ट असेल तर मागचं ‘पेशी’ गाळलं तरी चालतं.