माल कोणाचा, ते आधी विचार

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. नाल्याकाठी पोरांनी घोरपड दगडांनी ठेचली, शेपटीला धरून फोटो काढले आणि पारावरच्या एकाही मोठ्या माणसाने त्यांना हटकलं नाही. शेवटी तू लिहिलंस, "नाना, माणूस ही जातच नालायक." तुझा संताप समजतो. हे वाक्य मात्र पटलं नाही. का पटलं नाही ते फोनवर सांगून भागायचं नाही, म्हणून कागद घेतला.

अख्ख्या मानवजातीला आरोपी केलं की खटला चालत नाही. सगळे मान डोलावतात आणि घरी जाऊन जेवतात. माझी सगळी नोकरी ढोरांच्या दवाखान्यात गेली. तिथे जनावर दगावलं की आधी विचारायचं: काय खाल्लं होतं, सुई कोणी टोचली, कुठे बांधलं होतं? एवढं नीट विचारलं की बहुतेक वेळा एखादी बाटली, एखादी तार, एखादा माणूस सापडतो. मग काहीतरी करता येतं.

गिधाडांचंच घे. तू बहुधा गिधाड पाहिलेलंच नसशील. आमच्या वेळी गावाबाहेर मेलेलं ढोर टाकलं की घटकाभरात आभाळातून गिधाडं उतरायची आणि मागे नुसता सांगाडा ठेवायची. १९९० नंतर ती दिसेनाशी झाली. कोणी म्हणे साथ आली, कोणी म्हणे फवारणीचं विष. २००४ साली लिंडसे ओक्स हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानात मेलेली गिधाडं तपासून कारण जगापुढे ठेवलं: डायक्लोफिनॅक. सूज आणि दुखणं उतरवणारं औषध. ते टोचलेलं ढोर पुढे मेलं आणि गिधाडाने खाल्लं की त्याच्या किडन्या निकामी होतात. पोट उघडलं तर काळजावर, यकृतावर खडूची भुकटी फासावी तसा पांढरा थर दिसतो, तो युरिक ॲसिडचा. पांढऱ्या पाठीची गिधाडं आपल्या देशात २००७ पर्यंत हजारात एखादं उरलं. मादी वर्षाला एकच अंडं घालते, पिल्लू वयात यायला पाचेक वर्षं लागतात. भरून निघायला किती काळ लागेल याचा हिशेब तूच कर.

आता सांग, यात नालायक कोण होतं? शेतकऱ्याला बैल पेरणीआधी उभा राहायला हवा होता. टोचणाऱ्याला त्याचं दुखणं कमी करायचं होतं. औषध स्वस्त होतं, कायदेशीर होतं, सकाळी टोचलं की संध्याकाळी जनावर दावणीला वैरण ओढायचं. गिधाडाच्या वाटेला कोणी गेलंच नव्हतं. मला दगड मारणाऱ्या पोरांपेक्षा याची जास्त धास्ती वाटते. दगड मारणारा निदान दिसतो तरी.

सरकारने २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी घातली. मग माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात येऊ लागल्या. २०१५ मध्ये ती बाटली ३ मिलीची करावी लागली. २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅकही जनावरांसाठी बंद झाली. ॲसिक्लोफिनॅकचं तर ढोराच्या अंगात गेल्यावर डायक्लोफिनॅकच होतं. मेलोक्सिकॅम चालतं, गुण देतं, गिधाडाला बाधत नाही. तेव्हा तुझ्या घरी गाय आजारी पडली की टोचणाऱ्याच्या हातातली बाटली वाच. न लाजता विचार. तो चिडला तर चिडू दे, आमच्या धंद्यातली माणसं लवकर चिडतात आणि लवकर शांतही होतात.

दुसरी गोष्ट तुझ्या कॉलेजच्या रस्त्यावरची. मे महिन्यात दुपारी दोनला विटांनी नाहीतर वाळूने भरलेली बैलगाडी चढ चढत असते. आपल्याकडे तेव्हा पारा ४४-४५ च्या घरात. १९६५ चे नियम आहेत, ओझ्याच्या जनावरांसाठीचे: तापमान ३७ अंशांच्या वर असलं तर दुपारी १२ ते ३ जनावर जुंपायचं नाही, दिवसात ९ तासांहून जास्त नाही, सलग ५ तासांहून जास्त नाही, टोकदार आर लावलेली पराणी वापरायची नाही. खानदेशात हा नियम पाळायचा म्हटलं तर उन्हाळाभर दुपारी एकही गाडी रस्त्यावर दिसायला नको. दिसतात ना? आणि मूळच्या १९६० च्या कायद्यात जनावराला छळल्याचा पहिल्या वेळचा दंड किती? १० ते ५० रुपये. चहा-भजी त्याहून महाग झाली.

अशा वेळी मोबाइल काढून गाडीवानाचं शूटिंग करू नकोस. बऱ्याचदा तो त्या बैलाइतकाच दमलेला असतो. मी एकाला थांबवलं होतं, तर म्हणाला, "मुकं जनावर शे, माले बी कळस. पन खेपा मोजीसन पैसा देतस." खेपेवर मजुरी ठरली की सावलीत थांबायला गाडीवानाला परवडत नाही. म्हणून तू विचारायचं ते हे: माल कोणाचा? भट्टीवाल्याला, बांधकामाच्या ठेकेदाराला गाठ. तुझ्या काकांच्या घराचं काम निघेल तेव्हा त्यांनाच सांग की दुपारच्या खेपा नकोत. तिथे तुझा शब्द चालेल. तो बैल तोवर उभा असेल तर पाणी पाज, आणि जू उचलून वशिंडापुढे तळहात ठेव. चांगल्या खांद्याची कातडी सैल असते, बोटांखाली सरकते. कढत लागली, टणक फुगली असेल, हात लागताच बैल अंग चोरत असेल तर खांदा आलाय, म्हणजे जुवाने सुजलाय. त्याला जुंपणं बंद आणि १९६२ या नंबरवर फोन. फिरत्या दवाखान्याची गाडी येते, पैसे कोणी मागितले तर आधी पावती माग.

घोरपडीचं. ती वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, मारली तर तीन ते सात वर्षांची शिक्षा. तुझ्याकडे फोटो आहेत, तू १९२६ या नंबरवर वन खात्याला कळवू शकतेस. पण आधी एवढं शोध की घोरपडीच्या चरबीचं तेल सांधेदुखीवर म्हणून विकत घेणारा कोणी गावात येतो का. येत असेल तर पोरं भाडोत्री आहेत. खात्याला त्या गिऱ्हाइकाचं नाव हवं, आणि फोन बेधडक कर. मांडूळाचंही तसंच, गुप्तधनाच्या नादात लाखांच्या गप्पा मारणारे नेहमी शहरातून येतात आणि पकडला जातो तो बिचारा सालदार. येत नसेल, नुसती मस्ती असेल, तर मी पोरांना घेऊन बसेन. ती आठवी-नववीतली पोरं आहेत. शेतातले उंदीर आणि सापांची अंडी कोण खातं, हे त्यांना कोणी सांगितलंय?

रानडुकरासाठी कुंपणात सोडलेल्या करंटबद्दल लिहायला बसलो तर रात्र जाईल. एवढंच की डुकरांनी मका लोळवला की शेतकरी खरंच बुडतो, त्याला उपदेश करायला जाशील तर नुकसानभरपाईचा अर्ज बरोबर ने आणि पंचनाम्याला स्वतः उभी राहा.

तू सातपुड्याबद्दल विचारलं होतंस, रानपिंगळ्याबद्दल. हा छोटा घुबडवर्गातला पक्षी, दिवसाढवळ्या वावरणारा. १८७३ मध्ये ह्यूम या इंग्रज पक्षीअभ्यासकाने त्याचं वर्णन छापलं. १८८४ मध्ये डेव्हिडसन नावाच्या इंग्रजाने त्याचा नमुना आपल्याच खानदेशातून मिळवला आणि त्यानंतर ११३ वर्षं कुणाही अभ्यासकाच्या नजरेला पडला नाही. मधे एक नोंद होती, १९१४ ची, गुजरातेतल्या मांडवीची, माइनर्ट्झहागन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याची. नंतर उघड झालं की गृहस्थाने संग्रहालयातला जुना नमुना चोरून त्यावर खोटी चिठ्ठी लावली होती. शोधणारे त्या चिठ्ठीमागे भलतीकडे फिरत राहिले. १९९७ च्या नोव्हेंबरात पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबॉट या पक्षीअभ्यासकांना तो खानदेशातल्याच शहाद्याजवळच्या जंगलात बसलेला दिसला. पक्षी इथेच होता.

त्याला ढोलीचं जुनं झाड लागतं, विरळ सागाचं जंगल लागतं. जंगल गेलं की लोक लगेच पावरा-भिल आदिवासींकडे बोट दाखवतात. मला ते ऐकवत नाही. जळगाव-धुळ्याच्या बंगल्यांत सागवानी दारं कुठून आली, हे त्या घरांतल्या किती जणांनी विचारलं? पाड्यावरचा माणूस चुलीपुरतं सरपण आणतो, अख्खे वासे न्यायला ट्रक लागतो. गलोल मात्र पाड्यावरच्या पोराच्या हातात असते, तेही खरं, आणि घुबड अपशकुनी म्हणून मारणारे तर आपल्या गल्लीतही आहेत. तुझ्या आजीशी यावर भांडू नकोस. तिला ढोलीतलं पिल्लू दाखव. ती स्वतःच म्हणेल काय ते.

अभ्यास सोडून यात उडी घेऊ नकोस. पदवी हवी. पंचनाम्यावर सही करणाऱ्याचं लोक ऐकतात, कळकळीने बोलणाऱ्याचं नुसतं ऐकून घेतात.

दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात मी दरवर्षी जातो. या खेपेला तूही चल. लगामाने तोंडाच्या कोपऱ्यात जखम झालीय का, नाल कुठे सैल आहे, तंग, म्हणजे खोगिराचा पट्टा, कसलेल्या जागी केस गेलेत का, हे बघायला शिकवतो. व्यापारी गप्पिष्ट असतात, घोड्याबद्दल विचारलं की खुलतात, फक्त किंमत विचारू नकोस, नाहीतर दिवसभर सोडायचे नाहीत. पायी खूप हिंडावं लागेल, चप्पल नको, बूट घालून ये.

तुझा
नाना