जादुई जगात जाणाऱ्या गोष्टीत दार कसं रचावं?

तुम्ही विचारलंय, की साताऱ्यातली नऊ वर्षांची मुलगी आरशातून दुसऱ्या जगात जाते आणि तिथे तिला राक्षस भेटतो अशी गोष्ट लिहिताय, पण तिसऱ्या पानापासून ऐकणारी पोरं चुळबुळायला लागतात. चूक कुठे होतेय?

माझ्या मते चूक त्या जगात नाही, दारात आहे. तुमच्या आरशातून कुणीही, कधीही, फुकटात पलीकडे जातं. आली तशी ती परत जाणार हे पोरांना लगेच कळतं, मग राक्षस कितीही मोठा असो, भीती वाटत नाही.

दार जवळचंच घ्या की. साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटांची विहीर आहे: १७१९ ते १७२४ या काळात विरूबाई भोसले यांनी बांधलेली, अष्टकोनी, सुमारे ११० फूट खोल, आत छोटासा महाल. पूर्वी बैल धावेवरून, म्हणजे विहिरीलगतच्या उतारावरून, उतरले की नाडा (जाड दोर) ताणायचा, मोट (पाणी उपसायची चामड्याची पिशवी) वर यायची, पाणी थारोळ्यात (काठावरच्या कुंडात) पडायचं आणि पाटानं बागेत जायचं. आता एका रात्री पाटातलं पाणी उलटं थारोळ्याकडे चढू द्या. बिघडवायचं ते एवढंच. जोडीला बोलणारा बैल आणि उडणारा महाल घातलात, तर पाणी उलटं वाहतंय याचं कुणालाच नवल वाटणार नाही. आणि हल्लीच्या पोरांनी मोट पाहिलेली नसते; म्हणून आधी दिवसाउजेडी, आजोबांच्या तोंडून, दोन-तीन वाक्यांत ती कशी चालायची ते येऊ द्या. सुलटं माहीत नसेल तर उलटं कळणार कसं?

मग किंमत. पायऱ्या उतरताना मुलीला काहीतरी द्यावं लागलं पाहिजे, आणि ते पुढे नडलं पाहिजे. सोन्याचं नाणं दिलं तर काहीच नडत नाही. आजीचा आवाज देऊ द्या: परत येईपर्यंत तो तिला ओळखू येणार नाही. पलीकडे अंधारात आजीच हाका मारत असते आणि ही पोरगी तिच्यापासून लांब पळते. तुमचा राक्षस मग काढून टाकला तरी चालेल.

लांबीचं म्हणाल, तर मोठ्यानं वाचताना मिनिटाला साधारण १०० ते १२० शब्द होतात. पंधरा मिनिटांच्या गोष्टीला १,५०० ते १,८०० शब्द पुरतात आणि त्यातल्या पहिल्या ३००–४०० शब्दांत ती विहिरीत उतरलेली हवी. तुमचं निम्मं पहिलं पान शाळेच्या वर्णनात जातंय, ते कापा.

दार पुन्हा कधी उघडणार हेही आधीच ठरवा, नाहीतर दुसऱ्या भागात घोळ होतो. कासच्या पठारावरची टोपली कारवी सात वर्षांनी फुलते. तोच हिशोब विहिरीला लावला तर नऊची मुलगी पुढच्या वेळी सोळाची असेल. तेव्हा पाठवायला लहान भाऊ हवा असेल, तर पहिल्या भागात त्याला निदान पाळण्यात तरी ठेवा.