फ्रीडरिशची चित्रं नेमकी कुठे पाहायची?

प्रश्न : जूनमध्ये मुलीकडे बर्लिनला जाणार आहोत. जर्मन चित्रकार कास्पार डाविड फ्रीडरिशचं, धुक्यासमोर पाठमोऱ्या उभ्या माणसाचं चित्र तिथे पाहायला मिळेल का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही, ते हॅम्बर्गच्या कुन्स्टहाले संग्रहालयात आहे. मुखपृष्ठांवर पाहून ते भलंमोठं वाटतं. प्रत्यक्षात जेमतेम 95 बाय 75 सेंटिमीटर. तिथलाच 'बर्फाचा समुद्र' चुकवू नका. बर्फाच्या लाद्यांत चिरडलेलं जहाज उजवीकडे आहे, पण चटकन दिसत नाही.

तरी आधी बर्लिनच नीट पाहा. संग्रहालयांच्या बेटावरच्या आल्टे नॅशनालगॅलरीत 'समुद्राकाठचा संन्यासी' आणि 'ओकच्या राईतला मठ' ही जोडी आहे. 1810 मध्ये प्रशियाच्या राजाने दोन्ही एकदम घेतली. प्रत्येकाची रुंदी 171 सेंटिमीटर. संन्याशाच्या चित्रात बहुतेक सगळं आकाशच. समुद्रावर आधी जहाजं होती, ती फ्रीडरिशने काढून टाकली. इन्फ्रारेड तपासणीत त्यांच्या रेषा सापडल्या. काही वर्षांपूर्वी या दोन्हींवरचं पिवळं पडलेलं वार्निश काढलं गेलं, त्यामुळे जुन्या पुस्तकांतल्या रंगांवर भिस्त ठेवू नका.

ड्रेस्डेन रेल्वेने साधारण दोन तासांवर. तिथल्या आल्बर्टिनुम संग्रहालयात 'पर्वतातला क्रूस' आहे. त्याची कोरीव सोनेरी चौकट फ्रीडरिशच्याच कल्पनेतली. छापताना ती बहुधा कापतात आणि निम्मं काम तिथेच जातं.

ही संग्रहालयं सोमवारी बंद असतात. फ्रीडरिशची चित्रं प्रदर्शनांसाठी बाहेरगावीही जातात. हवं ते चित्र भिंतीवर आहे ना, हे तिकीट काढण्याआधी ईमेलने विचारा. कागदावरची रेखाटनं उजेडाने खराब होतात, म्हणून ती कायम मांडलेली नसतात.

प्रश्न : 'र्‍यूगेनचे खडूचे कडे' हे चित्र जर्मनीच्या र्‍यूगेन बेटावरच आहे का?

उत्तर : चित्र स्वित्झर्लंडमध्ये, विंटरथुरच्या कला संग्रहालयात आहे. कडे मात्र बेटावर, यास्मुंड राष्ट्रीय उद्यानात. चित्रातली नेमकी जागा शोधत बसू नका. फ्रीडरिश वेगवेगळ्या रेखाटनांतून एक दृश्य जुळवायचा. ज्या विसोवर क्लिंकन सुळक्यांशी या चित्राचं नाव जोडलं जातं, त्यांचा मोठा भाग 2005 मध्ये समुद्रात कोसळला. पाऊस आणि गोठणं-वितळणं यांनी खडू सुटतो, म्हणून कड्याच्या टोकाशी जाऊ नका आणि पायथ्याला लागून चालू नका.