पणजोबांचं गाव आणि आत्याचा फोन

पत्र : मी 51 वर्षांची, नाशिकला राहते. वडील सांगायचे, आपले पूर्वज गडावर हवालदार होते, पणजोबांनी प्लेगच्या सालात मूळ गाव सोडलं. गावाचं नाव कुणालाच ठाऊक नाही. वडील गेल्यावर मी शोधायला लागले, त्यासाठी मोडी लिपी शिकले. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत पणजोबांची नोंद मिळाली. त्यांच्या वडिलांचं आणि भावांचं नावही जुळतं. पण गाव सिन्नरकडचं आहे, गडाचा उल्लेख नाही, म्हणून ती बाजूला ठेवली. आत्याचे फोन येतात, पण तिला जुनं काही आठवत नाही, त्यामुळे हल्ली घेणं होत नाही. नवरा म्हणतो, तुला वेड लागलंय. खरंच लागलंय का?
— मोडीवाली

उत्तर : ताई, रात्र रात्र जागून मोडी वाचणं म्हणजे वेड नव्हे. शिरोरेघ आधी ओढून घेतलेली, शब्द एकमेकांना चिकटलेले, अशा कागदावर पन्नाशीत नजर बसवणं ही मेहनत आहे आणि मला तिचं मनापासून कौतुक वाटतं. एखादा पुरुष दर रविवारी गडकिल्ले पालथे घालतो तेव्हा त्याला आपण छंद म्हणतो. बाईने स्वतःसाठी काही शोधायला घेतलं की घरात लगेच कुजबुज सुरू होते. तेवढ्यापुरतं तुमच्या यजमानांचं म्हणणं मला पटत नाही.

पण पत्रातल्या दोन गोष्टी मला खटकल्या. यजमानांनी बोट ठेवलंय ते बहुधा भलत्याच ठिकाणी.

पहिली, ती बाजूला ठेवलेली नोंद. दोन पिढ्यांची नावं जुळणारा कागद हाती यायला लोक वर्षानुवर्षं उपाध्यायांचे उंबरे झिजवतात. तुम्हाला तो मिळाला आणि तुम्ही दूर सारला, कारण त्यात गड नव्हता. यात्रेकरूच्या नोंदीत गाव, नातीगोती, आल्याची तिथी असते. कोण काय काम करायचं ते असेलच असं नाही. म्हणजे या नोंदीने हवालदारकी खोटी ठरत नाही, खरीही ठरत नाही. तुम्हाला मात्र गाव नको होतं, वडिलांची गोष्ट खरी ठरायला हवी होती. बाबा नुकते गेले असताना असं वाटणं मी समजू शकते. तरी शोध घसरतो तो इथे.

आपल्या खानदेशातलंच उदाहरण सांगते. रानपिंगळा हे छोटं घुबड 1884 नंतर कुणालाच खात्रीने सापडलं नव्हतं. मायनर्ट्झहागेन या ब्रिटिश अधिकाऱ्याने मात्र 1914 साली गुजरातेत मांडवीजवळ तो पक्षी मिळवल्याचं लिहून ठेवलं होतं, आणि पुढच्या शोधकर्त्यांनी त्या नोंदीवर भिस्त ठेवली. पामेला रासमुसेन या पक्षीशास्त्रज्ञ बाईंनी संग्रहालयांतले भरून ठेवलेले नमुने बारकाईने तपासले. तेव्हा दिसलं की मायनर्ट्झहागेनचा पक्षी मुळात जेम्स डेव्हिडसन या दुसऱ्याच संग्राहकाने खानदेशात मिळवलेला होता. लंडनच्या संग्रहालयातून तो चोरून, पुन्हा भरून, वर नवी चिठ्ठी लावली होती. ती नोंद वगळून बाई आणि त्यांचे सहकारी खऱ्या नमुन्यांच्या मुलखात गेले आणि नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ त्यांना रानपिंगळा दिसला. पक्ष्यांचं वेड दोघांनाही होतं. एकाला आपल्या नावावर नोंद हवी होती, दुसरीला पक्षी. तुम्ही काही चिठ्ठी बदललेली नाही, पण नको असलेला पुरावा नजरेआड करणं त्याच वाटेवरचं आहे.

दुसरी गोष्ट मला जास्त लागली. आत्याला आठवत नाही म्हणून तिचा फोन घेत नाही, हे तुम्ही किती सहज लिहून गेलात! ज्या घराण्याचं मूळ तुम्ही धुंडाळताय, त्यातलं जितंजागतं माणूस फोन करतंय. माणसं फक्त माहिती देण्यापुरती उरली की समजावं, आपण वाहवत चाललोय. किती तास जातात, किती पैसे जातात, यावरून ते कळत नाही. घरात पैशाचा प्रश्न असेल तर तो सोपा आहे : महिन्याला किती खर्च करायचा ते यजमानांसोबत बसून ठरवा आणि पाळा.

शोध मात्र सोडू नका. आता ती नोंद बाहेर काढा. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात त्या गावाचं कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना 14, आहे का ते विचारा. जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी त्यात असतात आणि बऱ्याचदा मोडीत. तुम्हाला वाचता येतात, ही केवढी जमेची बाजू! जुने फेरफारही, म्हणजे जमिनीच्या मालकीबदलाच्या नोंदी, मागा, रीतसर अर्ज करून नकला घ्या. नावं तिथेही जुळली तर गाव मिळालं. नाही जुळली तर ही नोंद दुसऱ्याच कुणाची असेल, तेही मान्य करा. सिन्नरला जाताना यजमानांना सोबत चला म्हणा. नाही आले तरी तुम्ही विचारलंत, एवढं तरी होईल.

आणि आत्याला आजच फोन करा. तब्येत विचारा, काय खाल्लं विचारा, बाबांच्या लहानपणाच्या खोड्या विचारा. गावाचा विषय त्यांनी स्वतःहून काढला तरच बोला.