टी-सेलला अँटिजेन दाखवायला मधे कोणीतरी का लागतं?

तुम्ही विचारलंय की अँटिबॉडी (रक्तात फिरणारं, जंतूला धरणारं प्रोटीन) अख्ख्या व्हायरसला जाऊन चिकटते, मग टी-सेल या रोगप्रतिकारक पेशीलाच अँटिजेन, म्हणजे जंतूचा ओळखू येणारा भाग, कोणीतरी 'प्रेझेंट' करून का द्यावा लागतो, आणि त्यात परत एमएचसी (पेशीच्या अंगावर तुकडे धरून दाखवणारं प्रोटीन) १ आणि २ अशी दोन प्रकरणं कशाला. मी ऐरोलीत बीएस्सीच्या पोरांच्या शिकवण्या घेतो, हा प्रश्न दरवर्षी येतो आणि दरवर्षी मी कचऱ्याच्या डब्यावर येतो.

आमच्या सोसायटीत सकाळी सगळे दाराबाहेर डबा ठेवतात. कचरा न्यायला येणाऱ्या मावशी कोणाच्या घरात पाऊल टाकत नाहीत, पण कोणाकडे काल कोलंबी झाली, कोणाची लेक बाळंतपणाला आलीय, सगळं त्यांना ठाऊक. पेशीचं अगदी तसंच. आतली प्रोटीन्स खराब झाली की प्रोटिओसोम नावाचं पेशीतलं कात्रीयंत्र त्यांचे तुकडे करतं, त्यातले साधारण ८ ते १० अमिनो ॲसिडचे तुकडे टॅप नावाच्या पंपातून ईआरमध्ये (पेशीतल्या पडद्यांच्या जाळ्यात) जातात, तिथे एमएचसी १ च्या खाचेत बसतात आणि ती जोडी पेशीच्या बाहेरच्या अंगाला येऊन उभी राहते. केंद्रक असलेली जवळपास प्रत्येक पेशी हे करत असते, आजार असो नसो. सीडी८ टी-सेल (मारेकरी प्रकारची) येते, डोकावते, घरचंच सामान दिसलं तर पुढे जाते. व्हायरसचा तुकडा दिसला तर आख्खी पेशीच मारून टाकते (मावशी इतक्या टोकाला जात नाहीत).

म्हणजे अँटिबॉडीचं काम बाहेर, आणि आत शिरलेला व्हायरस टी-सेलला फक्त कचऱ्यावरूनच पकडता येतो.

हर्पीसचा व्हायरस यावर भारी शक्कल लढवतो, तो टॅपचा पंपच बंद पाडतो, मग बाहेर डबाच येत नाही. पण आपल्याकडे एनके (नॅचरल किलर) सेल आहेत, त्यांना 'या दारात डबाच कसा नाही' याचाच संशय येतो.

टी-सेल तुकडा आणि डबा (म्हणजे एमएचसी) दोन्ही मिळून ओळखते हे झिंकरनागेल आणि डोहर्टी या शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये कॅनबेरात उंदरांवर दाखवलं. व्हायरस तोच, पण वेगळ्या एमएचसीच्या उंदराची पेशी समोर ठेवली तर टी-सेल ढिम्म हलेना. १९९६ ला नोबेल मिळालं.

एमएचसी २ वेगळं. ते मुख्यतः डेंड्रायटिक सेल, मॅक्रोफेज आणि (अँटिबॉडी बनवणाऱ्या) बी-सेल या रोगप्रतिकारक पेशींकडेच असतं, कारण हे लोक बाहेरचा माल गिळून ॲसिडच्या पिशवीत तोडतात. तोपर्यंत खाचेत घरचा तुकडा घुसू नये म्हणून इन्व्हेरिअंट चेन नावाचं बूच बसवलेलं असतं, रेल्वेत रुमाल टाकून सीट धरतात ना, तसं. मग त्वचेतली डेंड्रायटिक सेल तो तुकडा घेऊन लिम्फ नोडमध्ये (लसिका ग्रंथीत) जाते. का, तर त्या नेमक्या तुकड्याला जुळणारी टी-सेल फार दुर्मिळ, अंगभर कुठे शोधणार, त्यापेक्षा ठाणे स्टेशनच्या पुलावर उभं राहावं, कधी ना कधी सगळे तिथूनच जातात. तिथे सीडी४ टी-सेलला (इतर पेशींना मदत करणाऱ्या प्रकारच्या) तुकडा दाखवतात, पण नुसता दाखवून भागत नाही, सोबत बी७ या डेंड्रायटिक सेलवरच्या प्रोटीनचा दुसरा सिग्नल लागतो, आणि डेंड्रायटिक सेलला जंतूची चाहूल लागली तरच तो नीट वर येतो. तो नसेल तर नवखी टी-सेल उलट गप्प पडते.

परीक्षेसाठी विचारत असाल तर एमएचसी १ ची जोडी सीडी८ शी आणि एमएचसी २ ची सीडी४ शी: १ गुणिले ८ आणि २ गुणिले ४, दोन्हीकडे ८ च येतात, एवढं ध्यानात ठेवा, पोरं तिथेच उलटसुलट करून मार्क घालवतात.