सोफ्याआधीची वीस मिनिटं

प्रश्न : वय ४७. घर नौपाड्यात, नोकरी महापेला. गृहकर्ज फिटलं, मुलगी मार्गी लागली. तरी संध्याकाळी घरी आले की मोबाइल घेऊन सोफ्यावर बसते ती थेट स्वयंपाकालाच उठते. रविवारही तसाच जातो. रोज रात्री पाच चांगल्या गोष्टी वहीत लिहून पाहिल्या, दहा दिवसांत कंटाळा आला. काय चुकतंय?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : रोज लिहिणं चुकलं. चौथ्या दिवसापासून ‘घर, तब्येत, मुलगी’ हीच यादी उतरवली जाते. आठवड्यातून एकदाच लिहा, तीनच गोष्टी, पण त्याच आठवड्यात घडलेल्या. ‘चांगली माणसं’ असं मोघम नको. ‘मंगळवारी लोकलमध्ये एका बाईंनी सरकून चौथी सीट दिली’ असं हवं.

कर्ज फिटल्याचा आनंद विरला यात तुमचा दोष नाही. मन चांगल्या परिस्थितीलाही सरावतं, हे ब्रिकमन आणि कॅम्पबेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७१ मध्येच मांडलं होतं.

खरी गोम सोफ्यात आहे. एकदा टेकलं की उठवत नाही, म्हणून जे करायचं ते घरी पोचण्याआधी. ठाणे स्टेशनला पश्चिमेला उतरलात की सॅटिस पुलाखाली रिक्षाच्या रांगेत न लागता तलावपाळी गाठा. तलावाभोवती एकच फेरी, मोबाइल पर्समध्ये. पहिल्याच दिवशी पाच फेऱ्या ठरवणारे गुरुवारपर्यंत बंद पडतात. पावसाळ्यात फेरीऐवजी मैत्रिणीला फोन, तोही घराबाहेरूनच. दोन-तीन आठवड्यांनी रस्ता किंवा सोबत बदला, नाहीतर फेरीचीही सवय होऊन जाते.

निघण्यापूर्वी ‘किती बरं वाटेल’ याला ० ते १० पैकी गुण लिहा. फेरी झाल्यावर प्रत्यक्ष किती वाटलं ते शेजारी. थकलेलं मन आधी कमी गुण देतं. मूड आला की जाईन म्हणून थांबलात, तर तो बहुधा येतच नाही. चालायला लागल्यावर येतो. दोन आठवडे हे आकडे न चुकता ठेवा. एखादी गोष्ट सतत तीनच्या खाली राहिली तर खुशाल सोडा, भले ती योगासनं का असेनात!

रविवारी एकच गोष्ट, पण कुणाला तरी वेळ देऊन ठरवलेली. सकाळी सातला येऊरच्या पायथ्याशी कुणी वाट बघत असेल तर अंथरूण सुटतं.

मात्र दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज उदास वाटत असेल, झोप-भूक बिघडली असेल, तर फेऱ्यांवर विसंबू नका, डॉक्टरांना भेटा. जगणं नकोसं वाटलं तर तेवढंही थांबू नका. टेली मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं, मराठीतूनही.